पिवळ्या वायरीचं दुसरं टोक

चहा येऊ द्या आधी. हे सांगताना माझं डोकं अजून तापतं आणि आवाज चढला की आमची ही आतून ओरडते, "हळू बोला, शेजारी ऐकायलेत!" ऐकू देत की! सगळ्या बेळगावाला माहीत झालंय, शेजाऱ्यांनीच काय घोडं मारलंय?

तर मी काय दिवे लावले ते कुठून सांगायला घेऊ? दिवेच लावले हो मी. हिरवे. आणि ते सगळे एकदम लुकलुकायला लागले, तिथंच घात झाला.

मी बेळगावात एका ओतकामाच्या कारखान्यात नेटवर्क बघतो. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं, त्याचे पंपाचे भाग करायचे, असा तो कारखाना. मालक म्हणजे आप्पा. मूळचे निपाणीचे जैन, घरचा तंबाखूचा व्यापार भावांवर सोडून लोखंडात उतरलेले. मराठीत रागावतात आणि खरंच रागावले की कन्नडमध्ये रागावतात. मी काकतीचा. काकतीच्या माणसाला अन्याय सहन होत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि नेटवर्कवाल्यावर जेवढा अन्याय होतो ना, तेवढा कुणावर होत नाही! सगळं नीट चालू असलं तर लोक विचारतात, "तुम्ही दिवसभर करता काय?" आणि बंद पडलं तरी तेच विचारतात, फक्त आवाज मोठा असतो. लोक मला वायरवाला म्हणतात. वायरवाला! अहो, वायरमन वेगळा असतो. आमच्याकडे तो परशराम आहे, खानापूरकडचा. दिवे, पंखे, मोटारी त्याच्याकडे. माझ्याकडे बुद्धीचं काम.

आमच्याकडे एका छोट्या खोलीत काचेच्या दाराचं लोखंडी कपाट आहे, त्याला रॅक म्हणतात. त्यात एक चपटा डबा, तो स्विच. डब्याला ओळीनं घरं. एकेका घरात एकेक वायर आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला एकेक यंत्र. ही यंत्रं एकमेकांना माहिती पाठवतात, पण अख्खी नाही, छोट्या छोट्या पुड्या बांधून. त्या पुड्यांना पॅकेट म्हणायचं. कुठली पुडी कुठल्या घरातून बाहेर सोडायची, कुणाला थांबवायचं, कुणाला पुढे काढायचं, हे सगळं तो डबा बघतो. आणि डब्याला मी बघतो. रॅकची किल्ली माझ्या कमरेला असते. परशरामला तर मी त्या खोलीतला बल्ब बदलायलाही माझ्या देखत आत घेतो.

आता खंडेनवमी आमच्याकडे कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्यातलं एकूण एक यंत्र धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभं करायचं. भट्टीला केळीचे खुंट बांधायचे, गेटवर कोहळा फोडायचा. आणि एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. त्यांनाही विश्रांती पाहिजे की नको?

दरवर्षी भट्टीची पूजा, लेथची पूजा, वजनकाट्याची पूजा. एका वर्षी तर कँटीनच्या मिक्सरला हार घातला होता! आणि माझ्या रॅकला? साधं बोटभर कुंकू नाही! मी आप्पांच्या केबिनमध्ये गेलो आणि सरळ विचारलं, "आप्पा, मिक्सर देव आणि माझा रॅक काय भंगार?"

आप्पा म्हणाले, "अरं बाबा, तुझी बी करू. वरडू नगंस."

झालं! मी असा तयारीला लागलो, जसं काय माझ्या घरचं कार्य होतं. सगळ्या वायरी काढल्या. डबा पुसला, एकेक घर ब्रशनं साफ केलं. वायरी परत आपापल्या घरात बसवल्या, पट्ट्यांनी बांधून सरळ केल्या. दारावर आंब्याचं तोरण लावलं. परशरामला माझा मोबाईल दिला आणि बजावलं, "व्हिडिओ काढायचा. सुरुवातीपासून. मी दिसलो पाहिजे."

"व्हय अण्णा," म्हणाला तो. परशराम कमी बोलतो.

आरतीला सगळे जमले. आमच्या ऑफिसच्या सुमनआक्का हळदीकुंकवाचं तबक घेऊन पुढे आल्या. आक्का म्हणजे ऑफिसचा कणा, आप्पाही त्यांना वचकून असतात. त्यांनी रॅककडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"अनिल, हे पिवळं टोक का रं लोंबकळायलंय? सगळी बसवलीस आणि हे एकलंच भाईर. पूजेला बरं दिसतंय काय?"

मी बघितलं. खरंच! एका पिवळ्या वायरीचं एक टोक डब्यात होतं आणि दुसरं खाली लोंबत होतं. पूर्वी तिथं प्रिंटर होता, तो हलवला आणि वायर तशीच राहिली. बरं, डब्यात एक घरही रिकामं होतं. अगदी बरोबर समोर! एक टोक अनाथ आणि एक घर रिकामं, तेही सणाच्या दिवशी. भटजी घंटा हातात घेऊन माझ्याकडे बघत होते.

तुम्ही काय केलं असतं सांगा? मी ते टोक उचललं, कपाळाला लावलं आणि त्या रिकाम्या घरात बसवलं. टक्!

आणि काय सांगू तुम्हाला! डब्यावरचे सगळे हिरवे दिवे एकाच वेळी असे लुकलुकायला लागले, की आरतीची ज्योत फिकी पडली. आप्पांनी हात जोडले. आक्का म्हणाल्या, "अगंबाई!" भटजींनी घंटा जोरात वाजवली. माझ्या अंगावर काटा आला हो. एवढी वर्षं त्या डब्याची सेवा केली, त्याचं चीज झालं. मी कॅमेऱ्याकडे वळून म्हणालो, "बघा, बघा! देवी कशी प्रसन्न झाली!"

तो व्हिडिओ मी त्याच दुपारी स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'एकही घर रिकामं नाही.'

दसरा सुट्टीत गेला. वॉचमनला म्हणे गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र गोठलेलं दिसत होतं. पण त्यानं कुणाला सांगितलं नाही. का, तर "यंत्रं इश्रांती घ्यायलेत म्हटलं." आता अशा माणसाला काय म्हणायचं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक मॅडम येणार होत्या. एका मोठ्या पंप कंपनीच्या तपासणीच्या अधिकारी. आमचे पहिले नमुने त्या तपासणार होत्या आणि ते पास झाले, तर आम्हाला कायमचं काम मिळणार होतं. त्या कामावर आप्पांनी नवी पाळी सुरू करायची ठरवलं होतं आणि खानापूरकडची जी माणसं तात्पुरती होती, ती कायम करायचा शब्द दिला होता. त्यात परशरामही होता. त्याचं लग्नही त्याच शब्दावर अडलेलं, मुलीकडचे म्हणत होते, आधी कायम होऊ दे.

मॅडम आल्या. साध्या, चष्मेवाल्या, मोजकं बोलणाऱ्या. आमच्या बेळगावची खास मिठाई, कुंदा, पुढे केला तर म्हणाल्या, "आधी काम." पद्धत अशी की खाली शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या जागी, मोजमापाचं यंत्र नमुना मोजणार, आकडे नेटवर्कवरून वर ऑफिसात येणार आणि मॅडम ते पडद्यावर बघणार. हातानं लिहिलेले आकडे त्यांना चालत नव्हते. आणि दुपारी त्यांना पुढे संकेश्वरला दुसरीकडे जायचं होतं.

खाली यंत्रानं नमुना मोजला. वर पडदा कोरा. परत मोजला, परत कोरा. हजेरीचं यंत्र बंद, प्रिंटर बंद, आप्पांचा कॉम्प्युटर गोल गोल फिरतोय.

"अनिल!" आप्पा म्हणाले. अजून मराठीत होते.

मी रॅककडे धावलो. दिवे बघितले. झेंडूच्या माळेमागे सगळे धडाधड लुकलुकत होते. म्हणजे डबा तर जोरात काम करत होता! मग दोष कुणाचा? माझा नाही, हे उघड होतं. मी बाहेर आलो तो तावातावानंच.

"आक्का, तुम्ही कॉम्प्युटरवर गाणी उतरवून घेता. त्यानंच वाट अडलीय!"

"म्या गाणी रेडिओवर ऐकते. आणि आवाज खाली कर, पावण्या बसल्यात."

मग मी मंजुनाथला फोन लावला. बंगळूरच्या ज्या लोकांनी तो डबा विकला, त्यांचा इंजिनियर. फोन सगळ्यांसमोर स्पीकरवर टाकला. म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना ह्यांचा माल कसला आहे ते!

मंजुनाथनं दोन-चार प्रश्न विचारले आणि शांतपणे म्हणाला, "सार, लूप आगिदे नोडी." म्हणजे लूप झालाय, बघा.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला लूप शिकवतो! "लूप गीप एनू इल्ला री! काही लूप नाही!" मी ओरडलो. आणि मॅडमना कळावं म्हणून त्यांच्याकडे वळून सगळं समजावूनच सांगितलं.

"लूप म्हणजे काय मॅडम, काही पुड्यांवर नेमका पत्ता नसतो. यंत्र नुसतं ओरडतं, 'मोजमापवाला कोण आहे रे?' मग डबा ती हाक सगळ्या घरांतून सोडतो. ज्याला लागू पडते तो ओ देतो, विषय संपला. पण एकाच वायरीची दोन्ही टोकं कुणी एकाच डब्यात खुपसली, तर डब्यानं बाहेर सोडलेली हाक दुसऱ्या दारानं त्याच्याच घरात येते. त्याला वाटतं, कुणी नव्यानं हाक मारली. तो परत सगळ्यांना ओरडून सांगतो. ती परत येते. तो परत ओरडतो. शेवटी नुसता आरडाओरडा उरतो आणि कामाच्या पुडीला आत शिरायला जागा राहत नाही. आता सांगा, इतका गाढवपणा जगात कोण करेल?"

मॅडम म्हणाल्या, "छान समजावलंत."

फोनमधून मंजुनाथ म्हणाला, "सार, हमने तो लूप रोकने का सेटिंग डाला था. वो किसने निकाला?"

आता ही एक वेगळीच चीड आहे माझी. त्यांनी असं सेटिंग घातलं होतं, की नवी वायर लावली की डबा आधी अर्धं मिनिट थांबून चौकशी करतो, ही वायर फिरून माझ्याकडेच तर येत नाही ना? मगच वाट सोडतो. एकदा आप्पांच्या कॉम्प्युटरला त्यानं असं थांबवलं. मालकाला! त्यांच्याच कारखान्यात! मी त्याच दिवशी ते सेटिंग काढून टाकलं. बरोबरच केलं की नाही?

पण तेव्हा ते सगळ्यांसमोर कुठं सांगत बसणार? मी म्हटलं, "ते सोडा! माझ्या रॅकला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. किल्ली माझ्या कमरेला आहे. लूप झालाच असेल, तर कुणीतरी माझ्या नकळत आत शिरलंय!"

आणि असं म्हणताना माझी नजर दारात उभ्या परशरामवर गेली. हातात पक्कड, खाली मान. मला एकदम आठवलं. पूजेच्या दिवशी माझ्या खोलीत तो होता!

"परशा! तू होतास त्या दिवशी आत. तू काय केलंस?"

"म्या काय न्हाय क्येलं, अण्णा."

"वायरींना हात लावलास! दिव्याच्या वायरी आणि माझ्या वायरी ह्यात फरक असतो, किती वेळा सांगितलं?"

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. दारामागे खानापूरची आणखी माणसं उभी होती, ती दोन पावलं मागे सरली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हे मला आजही टोचतं. मी उलट आणखी चढलो.

"आप्पा, मी सांगतो. ज्यानं हे केलंय, त्याला नुसतं सोडायचं नाही. त्यानं सगळ्या कारखान्याची हात जोडून माफी मागायची आणि सगळ्यांना आपल्या हातानं कुंदा वाटायचा! मग तो कुणी का असेना!"

"कुणी बी असंना?" आप्पांनी विचारलं.

"कुणी बी! आणि पुढच्या वर्षी त्याला रॅकच्या जवळ उभं करायचं नाही!"

"ठरलं," आप्पा म्हणाले.

तेव्हा परशरामनं मान वर केली. "अण्णा, त्या दिशी माझं हात मोकळं कुठं हुतं? दोन्ही हातानं मोबाईल धरलोतो न्हवं? तुमचा व्हिडिओ काढायलोतो. तुमीच म्हणालता, सुरुवातीपासनं काढ."

आक्कांनी पर्समधून मोबाईल काढला.

"थांब. अनिलचं त्ये स्टेटस म्या उतरून घेतलंया. रॅक लई छान दिसायलतं म्हणून." त्यांनी व्हिडिओ लावला आणि मोबाईल टेबलावर मॅडमच्या पुढे ठेवला.

मी दिसलो. सुरुवातीपासून दिसलो! नवा शर्ट, कपाळावर टिळा, हातात पिवळी वायर. मी ती भक्तिभावानं कपाळाला लावली. टक्! दिवे पिसाटले. घंटा. "अगंबाई!" आणि मग माझाच आवाज, खणखणीत, "बघा, बघा! देवी कशी प्रसन्न झाली!"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "ती पिवळी वायर काढून बघायची का?"

मी रॅककडे कसा चालत गेलो ते विचारू नका. मागे मिरवणूक होती. आप्पा, आक्का, परशराम, खानापूरची सगळी माणसं, आणि आक्कांच्या हातात स्पीकरवरचा मंजुनाथ. मी माळ बाजूला सारली आणि पिवळं टोक बाहेर ओढलं.

दिवे शांत झाले. आरडाओरडा करून दमलेलं पोर झोपावं तसे. मग एक दिवा लुकलुकला, थांबला, दुसरा लुकलुकला. लगेच ऑफिसातून कुणीतरी ओरडलं, "आकडे आले!"

फोनमधून मंजुनाथ म्हणाला, "देवी प्रसन्न आदळा, सार?" म्हणजे, झाली का देवी प्रसन्न? त्या माणसाला मराठी कळतं, हे त्यानं आजवर मला कधी सांगितलं नव्हतं! ही फसवणूक नाही तर काय?

नमुने पास झाले. मॅडम वेळेवर संकेश्वरला गेल्या, जाताना कुंदा खाऊन गेल्या. तो कुणी वाटला ते सांगायला नकोच. भट्टीपासून गेटपर्यंत प्रत्येकाच्या हातावर मी ठेवला आणि प्रत्येकापुढे हात जोडले. वॉचमननं तर दोनदा घेतला. परशरामपुढे आलो तेव्हा मी आधी ताट खाली ठेवलं आणि हात जोडले. त्याच्यापुढे मला खरोखर लाज वाटली, बाकीच्यांपुढे नुसता राग येत होता. तो म्हणाला, "राहू द्या अण्णा. आदी तुमी खावा." आणि माझ्याच ताटातला कुंदा माझ्या तोंडात घातला.

तो कायम झाला. लग्नही झालं. त्याच्या लग्नातही तो व्हिडिओ फिरला.

पण मी एक विचारतो. डब्याला जास्तीची घरं दिलीच कशाला? आणि रिकामं टोक बघून आक्कांनी आठी घातली नसती, तर? आणि अर्धं मिनिट थांबायची सवय आप्पांना कुणी लावली नाही, त्याचं काय? ह्यातलं एक तरी माझ्या अंगावर येतं का? नाही, तुम्हीच सांगा!

बरं, शिक्षेचा दुसरा भाग राहिलाच होता. पुढच्या खंडेनवमीला रॅकची पूजा आली, तेव्हा आप्पा म्हणाले, "अनिलनं आपल्या तोंडानंच सांगितलंय, त्यो माणूस रॅकजवळ नको. पण पूजा बी त्याचीच हाय. मग काय करायचं?" आणि त्यांनीच तोडगा काढला. मला दारात उभं केलं आणि माझ्या एका हातात एक नारळ, दुसऱ्या हातात दुसरा नारळ दिला. आरती संपेपर्यंत धरून ठेवायचे. अनिलचा एकही हात रिकामा नको! आता दरवर्षी हेच चालतं. कॅमेरा परशरामकडे असतो आणि आक्का आधी माझे हात तपासतात.

ह्या वर्षीही उभा होतो. आरती सुरू झाली. मी आपला देवाकडे बघत होतो, खरंच. पण काय झालं, माळेच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, एक घर मला रिकामं दिसलं. सणाचा दिवस. आणि खाली एक निळी वायर लोंबकळत होती.

मी हळूच म्हणालो, "परशा, हा नारळ जरा धर रे."

परशरामनं मोबाईल खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलं, रॅककडे बघितलं. कमी बोलतो तो. शेजारच्या तबकातला केळ्यांचा अख्खा घड उचलला आणि माझ्या दोन्ही नारळांवर आडवा ठेवून दिला.